एक संघ मोडला, चार ड्रायव्हर बाहेर पडले : स्टुअर्ट-हासचं प्रकरण

२८ मे २०२४ रोजी अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात, कनॅपोलिस इथल्या स्टुअर्ट-हास रेसिंग या मोटार शर्यतींच्या संघाच्या कारखान्यात कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं की हा मोसम आपला शेवटचा. तीनशेहून अधिक माणसं, नास्कार या अमेरिकी मोटार-शर्यत संस्थेच्या सर्वोच्च कप मालिकेत चार गाड्या, त्याखालच्या एक्सफिनिटी मालिकेत दोन. हंगामातली सगळ्यात लांब शर्यत, शार्लटची ६०० मैलांची, नुकतीच दोन दिवसांपूर्वी झाली होती आणि मोसम संपायला अजून पाच महिन्यांवर काळ बाकी होता. म्हणजे उरलेल्या शर्यती प्रत्येकाने एक डोळा ट्रॅकवर आणि एक डोळा पुढच्या नोकरीवर ठेवून काढायच्या होत्या.

कोणता ड्रायव्हर कुठे जाणार याच्या चर्चेला नास्कारमध्ये 'सिली सीझन' म्हणतात. दरवर्षी उन्हाळ्यात ती रंगते, आणि साधारणपणे एक जण निवृत्त होतो, त्याच्या जागी दुसरा येतो, त्याची जागा तिसरा घेतो, इतपतच ती असते. इथे एकदम चार जण मोकळे झाले: चेस ब्रिस्को, जॉश बेरी, नोआ ग्रॅगसन आणि रायन प्रीस. चौघेही एकाच कारखान्यातून, एकाच बनावटीच्या फोर्ड गाड्या सोडून चार वेगवेगळ्या संघांत गेले. 'ड्रायव्हर महत्त्वाचा की गाडी' या जुन्या वादात इतका स्वच्छ मासला सहसा हाती लागत नाही. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

संघ कसा होता

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही 'हास' हे नाव सीएनसी मशीनवर पाहिल्याचं आठवेल. तेच हे जीन हास. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या कंपनीच्या नावाने २००२ मध्ये हा संघ कप मालिकेत उतरला आणि बरीच वर्षं मागच्या रांगेतच राहिला. २००९ मध्ये टोनी स्टुअर्ट निम्म्या मालकीसह आला, मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच, आणि संघाचं रूपच पालटलं.

२०११ चा शेवट नास्कारच्या चाहत्यांना आजही पाठ आहे. शेवटच्या १० शर्यतींपैकी ५ स्टुअर्टने जिंकल्या. अखेरच्या होमस्टेडच्या शर्यतीत तो पहिला आणि कार्ल एडवर्ड्स दुसरा आला, आणि दोघांचेही गुण झाले २४०३. बरोबरी फुटली ती मोसमातल्या विजयांवर: स्टुअर्टचे ५, एडवर्ड्सचा १. २०१४ मध्ये केविन हार्विकने संघात आल्याच वर्षी विजेतेपद घेतलं. २०१७ मध्ये संघाने शेवरोले सोडून फोर्ड धरली. २०१८ मध्ये चारही ड्रायव्हरांनी शर्यती जिंकल्या आणि चौघेही शेवटच्या आठांत पोचले. २०२० मध्ये एकट्या हार्विकने ९ शर्यती मारल्या.

तिथून चार वर्षांत दार बंद. असं का व्हावं?

सर्वांत जास्त सांगितलं जाणारं कारण म्हणजे २०२२ मध्ये आलेली नवी गाडी. तोवर चासी (गाडीचा सांगाडा), सस्पेन्शन वगैरे गोष्टी संघ स्वतःच्या कारखान्यात घडवत आणि चांगल्या संघाचं कसब त्यात दिसे. २०२२ पासून बहुतेक सुटे भाग ठरावीक पुरवठादाराकडून विकत घ्यायचे, संघाने फक्त जोडणी आणि सेटिंग करायचं. ज्या संघाचा मालकच यंत्रं बनवणारा, त्याच्या कारखान्याची धार या नियमाने बोथट झाली, हे खरं. पण सगळं खापर त्या गाडीवर फोडणं मला पटत नाही. हार्विकच्या ९ विजयांनंतरच्या २०२१ मध्ये गाडी जुनीच होती आणि त्या वर्षी तो एकही शर्यत जिंकला नाही. घसरण आधीच सुरू झाली होती, नव्या गाडीने सावरायला वाव ठेवला नाही इतकंच.

मग पैसा. २०२३ अखेर हार्विक निवृत्त झाला, आणि त्याच्या गाडीवरचा बिअरचा मोठा स्पॉन्सर ट्रॅकहाउस संघाकडे गेला. १० क्रमांकाच्या गाडीवरचा मांस-उत्पादक स्पॉन्सरही त्याच सुमारास सुटला. घर फिरलं की वासेही फिरतात, ते असं. स्टुअर्टचं मनही एव्हाना ड्रॅग रेसिंगकडे, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतींकडे, वळलं होतं. २०२४ मध्ये तो पत्नीच्या जागी स्वतः टॉप फ्युएल गाडी चालवत होता. हास यांचा फॉर्म्युला वन संघ २०१६ पासून होताच. दोन मालक, दोघांचीही नजर दुसरीकडे.

कारखान्याची शिस्त किती ढिली पडली होती ते एका दंडात दिसतं. २०२३ च्या शार्लटच्या शर्यतीनंतर ब्रिस्कोची १४ क्रमांकाची गाडी तपासणीसाठी उघडली, तर इंजिनच्या भागात हवा घेणारा एक डक्ट अधिकृत पुरवठादाराचा नसून नकली निघाला. शिक्षा झाली ती १२० गुणांची कपात, अडीच लाख डॉलर दंड, क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या चमूचा प्रमुख, जॉनी क्लाउसमायर सहा शर्यतींसाठी निलंबित. संघाने खुलासा केला की तो भाग ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीवर बसायलाच नको होता, गुणवत्ता तपासणीत चूक झाली. खुलासा खरा मानला तर तो दंडापेक्षाही वाईट, असं माझं मत. मुद्दाम केलेली लबाडी निदान वेग वाढवायला असते.

विकलं काय गेलं

बंद पडणाऱ्या संघाकडे विकण्याजोगं काय असतं? गाड्या, यंत्रं, ट्रक, सगळं असतं, पण त्याला फारसा भाव नाही. भाव असतो चार्टरला. २०१६ पासून नास्कारने ३६ चार्टर दिले आहेत. ज्या गाडीकडे चार्टर तिला दर शर्यतीत सुरुवातीची जागा नक्की, आणि प्रक्षेपणाच्या पैशात मोठा वाटा. बिनचार्टरच्या गाडीला उरलेल्या चार जागांसाठी झगडावं लागतं आणि बक्षीसही बरंच कमी मिळतं. २०२३ मध्ये स्पायर संघाने एका चार्टरसाठी सुमारे ४ कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. ड्रायव्हर, मेकॅनिक, नाव, इतिहास या सगळ्यांपेक्षा तो करारच महाग.

स्टुअर्ट-हासकडे असे ४ चार्टर होते. एक फ्रंट रोने घेतला, एक बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन आणि जो गिब्स संघाचा ड्रायव्हर डेनी हॅमलिन यांच्या ट्वेंटीथ्री इलेव्हनने, एक ट्रॅकहाउसने. चौथा जीन हास यांनी स्वतःकडे ठेवला आणि 'हास फॅक्टरी टीम' या नावाने एका गाडीचा नवा संघ काढला. स्टुअर्ट कप मालिकेतून पूर्ण बाहेर पडला.

इथून पुढे मामला कोर्टात गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये नास्कारने चार्टरचा नवा करार सह्यांसाठी पुढे केला. १५ पैकी १३ संघांनी सह्या केल्या. उरलेले दोन म्हणजे नेमके ट्वेंटीथ्री इलेव्हन आणि फ्रंट रो, स्टुअर्ट-हासचे दोन गिऱ्हाईक. २ ऑक्टोबरला त्यांनी नास्कारवर मक्तेदारीचा दावा लावला. सही नाही तर विकत घेतलेला चार्टर नावावर कसा होणार, हा प्रश्न १८ डिसेंबरला कोर्टाचा तात्पुरता आदेश येईपर्यंत लोंबकळत राहिला. फेब्रुवारीत डेटोनाला पहिली शर्यत, आणि डिसेंबर उजाडला तरी या चार्टरवर काढायच्या तिसऱ्या गाडीला हक्काची जागा आहे की नाही हे नक्की नाही, अशा अवस्थेत माणसं भरती करायची होती.

चौघे कुठे गेले

ब्रिस्कोचं आधी ठरलं. जूनमध्ये मार्टिन ट्रुएक्स ज्युनियरने निवृत्ती जाहीर केली आणि महिना संपायच्या आत जो गिब्स रेसिंगने १९ क्रमांकाची टोयोटा ब्रिस्कोच्या हवाली केली. ब्रिस्को इंडियाना राज्यातल्या मिचेल गावचा, मातीच्या ट्रॅकवर वाढलेला. स्टुअर्टही इंडियानाचाच, लहानपणापासूनचा त्याचा आदर्श, आणि १४ हा आकडा स्टुअर्टचा स्वतःचा. तो सोडून जाणं सोपं नव्हतं. पण जाताना त्याने त्या गाडीचं पांग फेडलं.

१ सप्टेंबर २०२४, डार्लिंग्टन, सदर्न ५००. प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या, त्यांच्याआधीची ही शेवटची शर्यत. गुणांवर ब्रिस्को आत येण्यासारखा नव्हता, जिंकलं तरच. डार्लिंग्टन हा १९५० पासूनचा, अंड्याच्या आकाराचा ट्रॅक. जमिनीच्या मालकाला आपलं मासळीचं तळं बुजवू द्यायचं नव्हतं म्हणून एक टोक अरुंद ठेवावं लागलं, अशी त्याची कथा सांगतात. डांबर खरखरीत, टायर काही लॅपमध्येच झिजतात आणि भिंतीला गाडी घासल्याशिवाय सहसा कुणी घरी जात नाही. काइल लार्सनने त्या रात्री २६३ लॅप आघाडी घेतली होती. शेवटी एका रिस्टार्टला, म्हणजे थांबलेली चुरस पुन्हा सुरू होताना, तीन गाड्या शेजारी-शेजारी असताना ब्रिस्कोने आतल्या बाजूने गाडी घातली, पुढे काढली, आणि उरलेले २६ लॅप मागून येणाऱ्या काइल बुशला थोपवून धरलं. कप मालिकेत संघाचा तो दोन वर्षांतला पहिला विजय आणि शेवटचाही. बंद व्हायला निघालेल्या कारखान्याची गाडी प्लेऑफमध्ये!

आता ३१ ऑगस्ट २०२५ पाहा. तीच शर्यत, तोच ट्रॅक, तोच ड्रायव्हर, गाडी मात्र गिब्सची. ३६७ पैकी ३०९ लॅप ब्रिस्को पुढे. शेवटी टायलर रेडिक अगदी मागे येऊन ठेपला होता, पण तेवढंच. ग्रेग बिफलने २००५ आणि २००६ मध्ये लागोपाठ जिंकल्यानंतर सदर्न ५०० पाठोपाठ दोनदा जिंकणारा पहिला ड्रायव्हर ब्रिस्को ठरला. एकदा २६ लॅप, एकदा ३०९. पहिल्या विजयात जिगर दिसते, दुसऱ्यात ताकद.

त्या मोसमात त्याने डेटोना ५०० ला टोयोटाला पहिलीवहिली पोल, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, मिळवून दिली. जूनमध्ये पोकोनोला, इंधन पुरवून पुरवून, मागे खुद्द संघातलाच हॅमलिन असताना जिंकला. ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगा जिंकून शेवटच्या चौघांत गेला.

इथे 'बघा, गाडीच सगळं करते' असं म्हणून मोकळं होता येईल, पण एक आकडा आडवा येतो. २०२४ मध्ये हीच १९ क्रमांकाची गाडी, हाच क्रू चीफ जेम्स स्मॉल, आणि ट्रुएक्ससारखा कप विजेता ड्रायव्हर: विजय शून्य. गिब्सच्या बाकीच्या गाड्या त्याच वर्षी जिंकत होत्या. म्हणजे ताकद होती, ती बाहेर काढणारा भुकेला माणूस हवा होता.

बेरीची गोष्ट वेगळी आणि थोडी क्रूर. तो टेनेसीचा, काही काळ बँकेत खिडकीवर बसलेला, ऑनलाइन रेसिंगमधून डेल अर्नहार्ट ज्युनियरच्या नजरेत आलेला. कप मालिकेतला पहिला पूर्ण मोसम मिळाला तो वयाच्या तिशीनंतर, हार्विकच्या ४ क्रमांकाच्या गाडीत. आणि त्याच वर्षी संघ बंद. जुलैमध्ये वुड ब्रदर्सने त्याला २१ क्रमांकाची गाडी देऊ केली, म्हणजे तिथल्या हॅरिसन बर्टनला नारळ. बर्टन गुणतक्त्यात तळाला होता, कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. मग २४ ऑगस्टला, जागा गेल्याचं ठाऊक असलेल्या त्याच बर्टनने डेटोना जिंकलं आणि १९५० पासून धावणाऱ्या वुड ब्रदर्सला त्यांचा शंभरावा विजय दिला. ज्या विजयाची घराण्याने सात वर्षं वाट पाहिली तो आणला काढून टाकलेल्या पोराने. निर्णय मात्र बदलला नाही, आणि बदलला नाही तेच बरं झालं. १६ मार्च २०२५ ला लास वेगासला बेरीने डॅनियल सुआरेझला मागे टाकून एकशे एकावा विजय आणला, संघातली त्याची ती पाचवीच शर्यत. प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत तो वाईट रीतीने बाद झाला हेही सांगायला हवं. पण स्टुअर्ट-हासमधल्या वर्षाशी तुलना करता त्याचं पारडं जडच.

ग्रॅगसन फ्रंट रोकडे गेला आणि ४ हा आकडाही त्याच्याबरोबर तिकडे गेला. फ्रंट रोचं पेन्स्के संघाशी तांत्रिक सहकार्य, वुड ब्रदर्सचंही पेन्स्केशीच. कागदावर दोघांना सारखंच पाठबळ. तरी ग्रॅगसनचा मोसम पार तळाशी गेला. फ्रंट रो त्याच हिवाळ्यात दोनाच्या तीन गाड्या करत होता, मुरलेला मायकेल मॅकडोवेल स्पायरला निघून गेला होता आणि मालक कोर्टात होते. जुलै २०२५ मध्ये तर आधीचा आदेश रद्द झाल्यामुळे दोन्ही दावेदार संघांच्या गाड्या बिनचार्टरच्या धावू लागल्या.

प्रीसला सगळ्यांत उशिरा जागा मिळाली, नोव्हेंबरमध्ये. आरएफके संघाने त्याच्यासाठी ६० क्रमांकाची तिसरी गाडी काढली, तीही रिक वेअर संघाकडून भाड्याने घेतलेल्या चार्टरवर. माझ्या हिशेबाने चौघांत सर्वांत कच्चा दुवा हाच असायला हवा होता. प्रत्यक्षात त्याने कारकिर्दीतला सर्वांत चांगला मोसम काढला. टॅलाडेगाला दुसरा आला होता, पण स्पॉइलरच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या हवा अडवणाऱ्या पट्टीच्या, भानगडीत अपात्र ठरला. विजय मिळाला नाही, तरी आठवड्यामागून आठवडा गाडी वरच्या अर्ध्यात दिसत राहिली.

एक्सफिनिटीतले दोघेही वर आले. कोल कस्टरला हास फॅक्टरी टीमची ४१ क्रमांकाची गाडी मिळाली, रायली हर्बस्टला ट्वेंटीथ्री इलेव्हनची नवी ३५. दोघांचीही वर्षं विजयाविना आणि चाचपडत गेली.

मग अंदाज कशावर बांधायचा

२०२४-२५ च्या हिवाळ्यात जे अंदाज वर्तवले गेले त्यांत बहुतेकांनी ड्रायव्हरच्या नावावरून मांडणी केली. मला वाटतं, पाहायचं ते ड्रायव्हर बसतोय ती गाडी आधीपासून चालू होती की त्याच्यासाठी नव्याने उभी केली. १९ आणि २१ या गाड्या चालू होत्या: घडी बसलेली, मुख्य बदल स्टिअरिंगमागच्या माणसाचा, २१ चा क्रू चीफ तेवढा नवा. दोन्ही जिंकल्या. ४, ३५ आणि ४१ यांची घडी नव्याने बसवावी लागली, तिन्ही रखडल्या. ६० मात्र या चौकटीत बसत नाही. आरएफकेमध्ये ब्रॅड केसेलोव्स्की स्वतः मालकही आणि ड्रायव्हरही, शिवाय क्रिस ब्यूशरसारखा स्थिर सोबती. नवी गाडी मांडायला घर भक्कम होतं, असं म्हणता येईल. पण हे निकाल पाहून सुचलेलं स्पष्टीकरण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कुणी विचारलं असतं तर मी प्रीसवर पैज लावली नसती.

क्रू चीफचं नाव मोठं असलं की सगळं जमतं, या समजालाही इथे तडा गेला. हार्विकला विजेतेपद मिळवून देणारा रॉडनी चाइल्डर्स स्पायरमध्ये जस्टिन हेलीच्या ७ क्रमांकाच्या गाडीवर गेला. या बदलांतली सर्वांत हुशार भरती म्हणून तिची वाखाणणी झाली. नऊ शर्यतींत दोघांचं फाटलं.

तिसरा चार्टर घेणाऱ्या ट्रॅकहाउसने त्या जागेवर न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन आणला. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, तो नवशिका होता, पण वळणावळणाच्या रोड कोर्सवर त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. २०२५ मध्ये ५ विजय. स्टुअर्ट-हासच्या मोडीतून सर्वांत जास्त शर्यती जिंकल्या त्या तिथे कधीच काम न केलेल्या माणसाने.

२०२६ ची मांडणी

११ डिसेंबर २०२५ ला खटला सुनावणीच्या मध्यावर तडजोडीने मिटला आणि चार्टर कायमस्वरूपी झाले. ट्वेंटीथ्री इलेव्हन आणि फ्रंट रो यांना त्यांचे चार्टर परत मिळाले. नव्या घडीतल्या गाड्यांना, म्हणजे ४ आणि ३५ यांना, पहिल्यांदाच कोर्टाच्या तारखांशिवाय मोसम मिळतो आहे. ग्रॅगसनबद्दल खरं मत याच वर्षी बनवावं.

दुसरा बदल नियमांचा. २०२६ पासून प्लेऑफची बाद पद्धत गेली, शेवटच्या १० शर्यतींची 'चेस' परत आली, आणि एक शर्यत जिंकली की थेट आत ही सवलतही गेली. पहिल्या २६ शर्यतींच्या गुणांवर १६ जण निवडले जाणार. ब्रिस्कोने २०२४ मध्ये डार्लिंग्टनला जे केलं ते यापुढे केलं तर करंडक मिळेल, पण चेसचं दार त्याने उघडणार नाही. मधूनच चमकणाऱ्या गाडीपेक्षा दर आठवड्याला आठवी-दहावी येणाऱ्या गाडीला आता जास्त मोल आहे, आणि त्यामुळे प्रीसच्या ६० कडे मी या वर्षी जास्त बारकाईने पाहणार आहे. बेरीच्या २१ ला मात्र हा नियम जाचेल: २०२५ मध्ये ती गाडी आत आली होती ती त्या एका लास वेगासच्या जोरावर.

आणि हास फॅक्टरी टीम. एका मोसमातच जीन हास यांनी फोर्ड सोडून पुन्हा शेवरोले धरली, तांत्रिक सहकार्य हेंड्रिक मोटरस्पोर्ट्सशी, गाडीत कस्टरच. हेंड्रिककडचं इंजिन आणि माहिती मिळाल्यावर हाच ड्रायव्हर दहा-बारा जागा वर सरकला, तर २०२५ चं त्याचं अपयश गाडीच्या खात्यावर टाकावं लागेल. तरीही तो तिसाव्या क्रमांकाच्या मागेच रेंगाळला, तर पुढच्या सिली सीझनला पहिलं नाव त्याचं असेल, वडील जो कस्टर त्या संघाचे अध्यक्ष असले तरी.